ठासणीच्या बंदुकीला कुठला बार मानवतो? पावडर, गोळी आणि ग्रुप

सस्केहानाकाठी:
मंडळी, इथे मझलोडरने (तोंडाकडून ठासून भरायच्या बंदुकीने) शिकार करणारे किती जण आहेत माहीत नाही पण विचारून बघतो. मी पेन्सिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला राहतो. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये बिनशिंगी हरणांसाठी मझलोडरचा वेगळा सीझन असतो, त्यात इनलाइन (प्रायमर नळीच्या सरळ मागे असलेली आधुनिक मझलोडर) चालते, स्कोप चालतो. साध्या रायफलने मी बरेच सीझन केलेत पण यंदा पन्नास कॅलिबरची इनलाइन घेतली, ट्विस्ट १:२८, २०९ प्रायमर (बार पेटवणारी टोपी), वर ३-९ चा स्कोप. पावडर ट्रिपल सेव्हन (काळ्या पावडरला पर्याय) टू एफ, म्हणजे मध्यम दाण्याची, सुट्टी. गोळी २५० ग्रेनची, सॅबोटमधली (प्लास्टिकच्या वेष्टणातली). दुकानात सांगितलं की १०० ग्रेन टाका, सगळ्यांची चालते, तुमचीही चालेल.

आता प्रॉब्लेम असा की ५० यार्डावर ठीक वाटतं पण १०० वर गेलं की ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, पाच-सहा इंचाचा होतो. त्यातही कधी दोन गोळ्या एकमेकींना चिकटून आणि तिसरी भलतीकडे, कधी तिन्ही तीन दिशांना. पेलेटपण (पावडरच्या तयार वड्या) वापरून बघितल्या, ५०-५० च्या दोन, फरक नाही. हरणाच्या छातीत जिथे गोळी लागायला हवी ती जागा साधारण आठ इंचाची, म्हणजे बाकावर सँडबॅग ठेवून जर सहा इंच येतंय तर झाडाला टेकून, थंडीत, छाती धडधडत असताना काय येईल? जनावर जखमी होऊन रात्रभर रानात फिरत राहावं हे मला अजिबात नकोय. तर पावडर आणि गोळीचं टेस्टिंग पद्धतशीर कसं करायचं ते सांगा. सुरुवात कुठून करू?

मिसूरीचा_मध्या:
धाग्याबद्दल आभार, या विषयावर मराठीत कोणी लिहितच नाही. आमच्या मिसूरीतूनच ही इनलाइनची लाट सुरू झाली बरं का, टोनी नाइट यांची एमके-८५ इथलीच, १९८५ ची. असो, मुद्द्यावर येतो.

पहिलं म्हणजे पावडरला हात लावायच्या आधी स्कोपचे रिंग आणि बेसचे स्क्रू, दस्त्याचे स्क्रू सगळे तपासा. ते घट्ट असतील तर मग नळी. ट्रिपल सेव्हनचा स्वभाव असा आहे की बार उडाला की ब्रीचच्या (नळीच्या मागच्या बंद टोकाच्या) थोडं पुढे, जिथे गोळी बसते ना तिथेच, काचेसारखा कडक काळा थर जमतो, आमच्याकडे सगळे त्याला क्रड रिंग म्हणतात. दुसरी गोळी ठासताना ती त्या रिंगपाशी अडते, तुम्हाला वाटतं बसली, पण ती कधी रिंगच्या वर राहते, कधी जोर लावून खाली जाते, म्हणजे प्रत्येक बाराला पावडरवरचा दाब वेगळा. तुमच्या "दोन चिकटून तिसरी भलतीकडे"चं अर्ध उत्तर मला इथेच दिसतंय. आणि हे नुसतं ग्रुपपुरतं नाही, गोळी आणि पावडरमध्ये फट राहिली तर नळी फुगू शकते, फुटूही शकते, त्यामुळे गोळी पावडरला टेकलीय याची खात्री झाल्याशिवाय प्रायमर लावायचाच नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी, मग दोन कोरड्या. ओलसर म्हणजे निथळणारी नाही, नाहीतर पाणी ब्रीच प्लगमध्ये उतरतं आणि पुढचा बार फुसका जातो. चिंधी छोट्या छोट्या झटक्यांनी खाली न्यायची, खालपर्यंत गेली की दोनदा वरखाली, उलटून परत. प्रत्येक वेळी तेच, तसंच. आणि ट्रिपल सेव्हनसाठी मुद्दाम सौम्य केलेले २०९ प्रायमर मिळतात, त्यांनी रिंग कमी होते.

गजावर खूण करा. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून तोंडाशी एक रेघ, आणि तुमचा बार भरून गोळी नीट बसली की दुसरी रेघ. पहिल्या रेघेने बंदूक रिकामी आहे का भरलेली ते कळतं आणि दुसरीने गोळी पूर्ण बसली का ते. दोन्ही जीव वाचवणाऱ्या आहेत. गज गोळीवर आपटू नका, काही जुने लोक आपटून "टण्ण" आवाज येतो का बघतात, त्याने पॉलिमरचं टोक चेपतं. गोळीच्या टोकाच्या आकाराचा जॅग (गजाच्या टोकाला लावायचा तुकडा) मिळतो तो लावा आणि एकसारख्या जोराने दाबा.

मग पावडर. ८० पासून सुरू करा, दहा-दहाने वर या, ८०, ९०, १००. जिथे ग्रुप आवळताना दिसेल त्याच्या खालीवर पाच-पाच ग्रेन. तुमच्या बंदुकीच्या पुस्तकात जो कमाल आकडा दिलाय त्याच्या वर एक ग्रेनही नाही. आणि ट्रिपल सेव्हन काळ्या पावडरपेक्षा जोरकस आहे, ती बनवणारे हॉजडनवालेच सांगतात की काळ्या पावडरच्या लोडइतका वेग हवा तर ही १५ टक्के कमी टाका. त्यामुळे कोणी म्हणालं "आमचे आजोबा १२० टाकायचे" तर ते वेगळ्या पावडरचं बोलतायत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला. पावडर बदलताना गोळी तीच, सॅबोट तोच, प्रायमर त्याच पाकिटातला. लोक एकाच दुपारी पेलेट, नवीन सॅबोट, नवीन गोळी सगळं बदलतात आणि मग ग्रुप सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही.

विचारतोय_फक्त:
लेख तांत्रिक आहे पण मुळात शिकार कशासाठी? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदी आली ती योग्यच होती असं माझं मत. खायला दुकानात सगळं मिळत असताना मुक्या जनावराला का मारायचं?

आयोवाची_ताई:
@विचारतोय_फक्त, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही सुरुवातीला पडला होता. भारतात जंगल आणि जनावर दोन्ही संपत आलं होतं, तिथे बंदी हवीच होती. इथे व्हाइटटेल हरणांचं उलटं आहे, लांडगा-प्यूमा या भागातून केव्हाच गेले, मक्याची शेतं पसरली, हरणं भरमसाठ वाढतात, शेतात घुसतात, रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. राज्य सरकार दरवर्षी किती परवाने द्यायचे ते मोजून ठरवतं. आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो. आमच्या घरात हिवाळाभर हरणाचंच मटण असतं, काळा मसाला घालून. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही. पण मारायचंच तर एका गोळीत, वेदना न होता, म्हणून तर हा धागा आहे.

विचारतोय_फक्त:
ठीक आहे ताई, कराचं माहीत नव्हतं. मत बदललं नाही पण भूमिका समजली. वाचतोय.

सस्केहानाकाठी:
मध्यादादा, मनापासून धन्यवाद. स्क्रू तपासले, सगळे घट्ट आहेत. क्रड रिंग मात्र शंभर टक्के आहे, गज एका ठराविक जागी अडखळतो ते जाणवत होतं. एक शंका, हे ग्रेन म्हणजे वजन का माप? माझ्याकडे पितळेचा सरकता मापक आहे, त्यावर १०० असं कोरलंय. डिजिटल काट्यावर टाकलं तर १०० येत नाही!

आकडेमोड:
हा घोळ खूप जणांचा होतो आणि धोकादायक आहे म्हणून सविस्तर लिहितो. ग्रेन हे वजनाचं एकक आहे, ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, १०० ग्रेन म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम. पण मझलोडरमध्ये "१०० ग्रेन" म्हणतात तेव्हा जवळजवळ नेहमी आकारमान अभिप्रेत असतं, म्हणजे १०० ग्रेन वजनाची काळी पावडर जेवढी जागा व्यापते तेवढी जागा. पर्यायी पावडरी काळ्या पावडरपेक्षा हलक्या असतात, म्हणून त्याच मापात वजन कमी भरतं. तुमचा काटा बरोबर आहे आणि मापकही बरोबर आहे.

यात सगळ्यात जास्त सांभाळायचं ते ब्लॅकहॉर्न २०९ या पर्यायी पावडरीच्या बाबतीत. तिचं १०० मापाचं वजन साधारण ७० ग्रेन होतं. कंपनीची कमाल मर्यादा मापाने १२०, वजनाने ८४. आता कोणी काट्यावर १०० ग्रेन वजन करून ओतली तर मर्यादेच्या वर गेला. म्हणून कुठेही लोड लिहाल तेव्हा पुढे "माप" का "वजन" ते लिहायची सवय लावा, या धाग्यातही.

आणि साधी बिनधुराची रायफल पावडर, जी काडतुसात भरतात ती, मझलोडरमध्ये कधीच नाही. मापाने नाही, वजनाने नाही, थोडीशी मिसळूनही नाही. त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या मोजक्या बंदुका सोडल्या तर बाकी सगळ्या फुटतात, हात जातात, डोळे जातात.

आता अचूकतेचं. मापकात पावडर ओतायची पद्धत रोज सारखी ठेवा. मी काठोकाठ भरतो, बाजूला बोटाने ठरावीक टिचक्या मारतो, खाली बसली की परत भरून वरून सपाट करतो. त्यापुढे जायचं असेल तर तुमच्या मापकातून पडणारी पावडर काही वेळा तोला, सरासरी काढा आणि घरीच प्रत्येक बार त्या वजनाचा करून प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये भरून ठेवा. रेंजवर वाऱ्यात काटा वापरू नका, आकडा स्थिर राहत नाही.

पेलेटने फरक पडला नाही यात नवल नाही. पेलेट सोयीच्या, पण तुमच्या ५० च्या पेलेटने पन्नासच्या पटीतच वर-खाली जाता येतं, तुमच्या नळीला ९० मानवत असेल तर ते कधी कळणारच नाही. पायरोडेक्सच्या पेलेटला एका टोकाला काळ्या पावडरचा गडद थर असतो ते टोक प्रायमरकडे हवं, हेही बरेच जण विसरतात.

मिसूरीचा_मध्या:
+१. ब्लॅकहॉर्नबद्दल आणखी एक, ती पेटायला जड आहे, जोरदार २०९ लागतो, सीसीआय २०९एम किंवा फेडरल २०९ए, आणि ब्रीच प्लगही तिला चालणारा हवा. फ्लिंटलॉकमध्ये (चकमकीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीत) आणि छोट्या केपवाल्या (टोपी फोडून पेटणाऱ्या) बंदुकीत ती चालत नाही. पण चालली की रिंगची कटकट नाही, बारामागून बार न पुसता मारता येतात. महाग मात्र आहे.

देवगडकर:
मी शिकारी नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या आजोबांकडे पीकरक्षणाच्या लायसनवर ठासणीची बंदूक होती, भाताला रानडुक्कर फार. लहानपणी बघितलेलं लख्ख आठवतंय, शिंगातून दारू ओतायची, काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, आणि शेवटी केप. माप म्हणजे त्यांचं एक ठरलेलं शिंपल्याएवढं भांडं. पोरांनी दहा पावलं मागे. त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती. तुमच्या १:२८ वगैरेचा अर्थ काय?

चकमक:
देवगडकर, तुमच्या आजोबांचं ते ठरलेलं भांडं म्हणजेच या धाग्याचा गाभा आहे. रोज तेच माप.

मीही पेन्सिल्व्हेनियाचाच, लँकेस्टरजवळ. ट्विस्टचं सांगतो. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, १:२८ म्हणजे २८ इंचात गोळीची एक फेरी पूर्ण होते. लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी लागते, म्हणून इनलाइनचा पीळ आवळलेला. गोल गोळीला फिरकी थोडी पुरते, तिला १:६६, १:७० असा सैल पीळ आवडतो. १:४८ हा मधला, दोन्ही थोडं थोडं. त्यामुळे कोणाचा लोड उचलण्याआधी त्याचा ट्विस्ट विचारा. याच लँकेस्टर भागात अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी ज्या लांबलचक नळीच्या रायफली बनवल्या त्या गोल गोळी आणि तिच्याभोवतीच्या चिंधीवरच चालायच्या, आणि नाताळनंतरच्या आमच्या फ्लिंटलॉक सीझनमध्ये आम्ही आजही तशाच घेऊन जातो. तो सीझन १९७४ ला सुरू झाला. त्यात इनलाइन नाही, केप नाही, फक्त चकमक.

सस्केहानाकाठी, तुम्ही इथलेच आहात तर डिसेंबरचाही विचार करा, म्हणून माझ्या टेस्टिंगची पद्धत लिहितो. पन्नास कॅलिबरला .४९० ची गोल गोळी, शुद्ध मऊ शिशाची, वजन साधारण १७७ ग्रेन. चिंधी .०१५ जाडीची, घट्ट विणीचं सुती कापड, गादीच्या खोळीला वापरतात तसलं. कापड विकत घेताना दुकानातच मायक्रोमीटर लावून दाबून मोजतो आणि आणल्यावर धुऊन खळ काढतो. पावडर काळी, टू एफ, ५० पासून सुरुवात, पाच-पाचने वर.

आता यात खरी माहिती टार्गेटवर नसते, जमिनीवर असते. बार झाल्यावर दहा-वीस यार्ड पुढे जाऊन चिंध्या गोळा करा (अर्थात रेंज थंड आहे, म्हणजे कोणी बार करत नाहीये, असं सगळ्यांनी सांगितल्यावर). चांगल्या चिंधीच्या मधोमध काळपट गोल असतो, त्याच्याभोवती खाचांचे ठसे एकसारखे, कडा थोड्या विस्कटलेल्या, कापड मात्र शाबूत, परत वापरता येईल इतकं. मधला गोल जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा चरबी कमी पडली, आग बाजूने निसटतेय. गोलाच्या कडेवर सरळ कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीच्या तोंडाची किंवा खाचांची धार लागतेय, नवीन नळीत हे होतं. चिंधीच्या चिंधड्या झाल्या असतील तर पावडर जास्त किंवा कापड निकृष्ट. चिंध्या सुधारल्या की ग्रुप आपोआप आवळतो. मी पावडरला हात लावायच्या आधी चिंधी ठीक करून घेतो, आणि नवीन माणसालाही हाच क्रम सांगतो.

रंजकाचं (बाहेरून पेटवायच्या पावडरीचं) वेगळं. कानाच्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाच्या, खालपर्यंतच फोर एफ (अगदी बारीक पावडर), भोक झाकायचं नाही, झाकलं तर ती पावडर वातीसारखी जळत आत जाते आणि उशीर होतो. ज्वाळेने भोकातून उडी मारायला हवी. आणि चाप ओढल्यावर बार होईपर्यंत, झाल्यावरसुद्धा, माशी टार्गेटवरून हलवायची नाही. चकमकीच्या बंदुकीत अर्धे वाईट ग्रुप इथे होतात, पावडरचा काही दोष नसतो.

गोल गोळी वेग झपाट्याने गमावते, १०० यार्डापर्यंत सुरुवातीच्या वेगाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातो. म्हणून माझी हद्द ६०-७० यार्ड. टार्गेटवर १०० ला कितीही चांगला ग्रुप येवो, हरणावर नाही.

कोलोरॅडोकर:
सगळ्यांनी आधी आपापल्या राज्याचं नियमपुस्तक वाचा आणि मग टेस्टिंगवर पैसे घाला. आमच्याकडे मझलोडर सीझनमध्ये सॅबोट नाही, पेलेट नाही, स्कोप नाही. त्यामुळे वरचा सॅबोटचा अभ्यास इथे एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) सीझनला निरुपयोगी आहे, बहुतेक जण पूर्ण नळीभर बसणारी शंक्वाकार गोळी वापरतात, आणि सुट्टी पावडरच लागते.

तशा गोळीचं टेस्टिंग करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, पावडर आणि गोळीच्या मध्ये चरबी लावलेली लोकरीची चकती टाकून बघा, शिशाच्या गोळीचं बूड आगीपासून वाचतं आणि बऱ्याच बंदुकांत ग्रुप लगेच सुधारतो. दोन, गोळी जरा सैल बसत असेल तर डोंगरात तोंड खाली करून चालताना ती हळूहळू पुढे सरकते. मी टेस्टिंगमध्येच बार भरून, प्रायमर न लावता, बंदूक तोंड खाली करून हलवून बघतो आणि गजावरच्या रेघेशी पडताळतो. जी गोळी सरकते ती ग्रुप कितीही छान असला तरी बाद. शिकारीतही दर थोड्या वेळाने रेघ बघायची.

आयोवाची_ताई:
सॅबोटबद्दल माझी भर. गोळी .४५१ आहे का .४५२ आणि सॅबोट कुठल्या कंपनीचा, या दोन गोष्टींनी माझ्या बंदुकीत पावडरपेक्षा जास्त फरक पडला. सॅबोट ठासताना अंगठ्याने सहज गेला तर सैल, गजावर लोंबकळावं लागलं तर घट्ट. मला एकसारखा ठाम दाब हवा असतो, दोन्ही हातांनी न थांबता खाली जाईल असा. घट्ट जात असेल तर क्रश रिब नावाचे सॅबोट येतात, त्याच्या अंगावर बारीक कंगोरे असतात ते दबतात आणि सहज उतरतो.

उडालेले सॅबोटही गोळा करा, चकमककाकांच्या चिंध्यांसारखंच. चारही पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या हव्यात. एक पाकळी तुटलेली असेल किंवा बूड वितळलेलं, फाटलेलं असेल तर तो सॅबोट त्या पावडरला झेपत नाहीये, एकतर पावडर कमी करा नाहीतर सॅबोट बदला. आणि नळी गरम असेल तर प्लास्टिक मऊ पडतं, ग्रुप फुटतो. हाताला नळी गार लागेपर्यंत थांबा. उन्हाळ्यात एका ग्रुपला अर्धा-पाऊण तास जातो, जाऊ दे.

मी तांब्याच्या गोळ्या वापरते. शिशाचे बारीक कण आतड्यांच्या ढिगात राहतात आणि बाल्ड ईगल तेच खायला येतात, विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला बिनशिशाची गोळी सक्तीची आहे. तांबं शिशापेक्षा हलकं म्हणून त्याच वजनाची गोळी लांब असते, त्यामुळे शिशाच्या गोळीचा लोड जसाच्या तसा उचलू नका, ८० पासून परत चढा.

सस्केहानाकाठी:
सर्वांचे आभार, आता अपडेट देतो. सगळी मापं आकारमानाने, ट्रिपल सेव्हन टू एफ, २५० ग्रेन, १०० यार्ड, प्रत्येक बारानंतर एक ओलसर दोन कोरड्या.

नुसतं पुसल्यानेच १०० ग्रेनचा ग्रुप साडेतीन इंचावर आला! ८० ला तीन. ९० ला पावणेदोन, तेही दोन वेगळ्या दिवशी. ९५ ला अडीच, ८५ ला सव्वादोन. ११० एकदाच मारलं, खांदा दुखला आणि ग्रुप परत पसरला, सॅबोट गोळा केले तर दोघांची बुडं फाटलेली निघाली, ताई म्हणाल्या तसंच. ९० चे सॅबोट मात्र फुलासारखे सारखे उघडलेले. मग ९० कायम ठेवून क्रश रिब लावला, ग्रुप तेवढाच राहिला पण ठासायला इतकं सोपं की आता तोच ठेवतोय. दुकानातला १०० चा सल्ला चुकीचा नव्हता कदाचित, पण माझ्या नळीसाठी नव्हता.

आकडेमोडभाऊ, पावणेदोन इंच म्हणजे झालं का काम?

आकडेमोड:
अभिनंदन. पण तीन गोळ्यांच्या ग्रुपवर फार विसंबू नका, तीच बंदूक, तोच लोड नशिबाने आज दीड इंच देईल आणि उद्या तीन. दोन वेगळ्या दिवशी मारलेत हे उत्तम केलंत. आता सगळे ९० वाले कागद एकावर एक ठेवून, मध्यबिंदू जुळवून, सगळी भोकं एका कागदावर उतरवा. मग प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर मोजून सरासरी काढा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं की बाकीच्या गोळ्यांची माहिती फुकट जाते. भोकं वर-खाली पसरलेली दिसली तर वेग सारखा नाही, म्हणजे पावडरचं माप, ठासण्याचा दाब किंवा प्रायमर बघा. आडवी पसरली तर वारा, चाप किंवा बंदूक धरण्याची पद्धत.

आणि शिकारीसाठी मला ग्रुपपेक्षा महत्त्वाची वाटते ती पहिली गोळी. हरणाला दुसरी, तिसरी गोळी मिळत नाही, त्याला मिळते ती पहिली, गार नळीतली. म्हणून एक कागद वेगळा ठेवा. रेंजला जाल तेव्हा त्यावर फक्त पहिली गोळी मारायची, बाकी सगळं दुसऱ्या कागदावर. महिन्या-दोन महिन्यांनी तो कागद बघा. तो कागद तुमच्या बंदुकीची खरी अचूकता.

सस्केहानाकाठी:
हे फारच पटलं. पण मग नळी कुठल्या अवस्थेत ठेवून रानात जायचं, पूर्ण साफ का एक बार उडवून काळी झालेली? माझी साफ नळीतली पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा इंच-दीड इंच वर जाते.

मिसूरीचा_मध्या:
मी साफ नळीच्या बाजूचा. ट्रिपल सेव्हनची काजळी रात्रभरात ओल धरते, त्यावर भरलेला बार सकाळी पेटेल याची खात्री मी देणार नाही. माझी पद्धत अशी, आदल्या दिवशी साफ, तेल पूर्ण पुसून काढायचं, निघताना अल्कोहोलची एक चिंधी, मग तोंड सुरक्षित दिशेला धरून नुसता एक प्रायमर फोडायचा म्हणजे ब्रीचमधलं उरलंसुरलं तेल जळतं, परत एक कोरडी चिंधी, मग बार भरायचा. आणि झीरो (स्कोप गोळीच्या जागेशी जुळवणं) पण याच अवस्थेतल्या पहिल्या गोळीवर करायचा. तुमची पहिली गोळी वर जाते ना, मग स्कोप तिच्यासाठी लावा, बाकीच्या खाली गेल्या तर जाऊ द्या.

चकमक:
मी उलट करतो, सकाळी रंजकाची फक्त एक चमक देऊन नळी वाळवतो आणि भरतो, झीरो तसाच. पद्धत कुठलीही घ्या, रेंजवर जी तीच रानात.

आयोवाची_ताई:
थंडीचं विसरू नका. आमचा उशिराचा मझलोडर सीझन जानेवारीपर्यंत चालतो. बंदूक रात्री उबदार घरात आणली की नळीच्या आत दव धरतं. मी प्रायमर काढून, कुलूप लावून थंड गॅरेजमध्येच ठेवते. आणि उन्हाळ्यात ठरवलेला लोड एकदा कडाक्याच्या थंडीत मारून बघा, प्लास्टिकचे सॅबोट गारठ्यात कडक होतात आणि झीरो थोडा सरकू शकतो.

कोलोरॅडोकर:
ताई, भरलेली बंदूक गॅरेजमध्ये ठेवायला प्रत्येक राज्यात परवानगी असेलच असं नाही, प्रायमर काढलेली मझलोडर रिकामी समजायची का नाही हे राज्याराज्यात वेगळं आहे. तेवढं बघून घ्या मंडळी.

देवगडकर:
एक भाबडा प्रश्न, दिवसभर हरीण दिसलंच नाही तर भरलेला बार बाहेर कसा काढायचा? आजोबा संध्याकाळी बांधावर मातीत उडवायचे.

मिसूरीचा_मध्या:
तेच बरोबर, देवगडकर. मागे मातीचा भरभक्कम बांध असेल तिथे उडवायचा. इनलाइनमध्ये ब्रीच प्लग मागून निघतो, तो काढून पावडर आणि गोळी ढकलूनही बाहेर काढता येते, नाहीतर कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याने फुंकून बाहेर टाकणारं एक साधन मिळतं ते घ्या. बार उडाला असेल तर मात्र त्याच संध्याकाळी नळी धुवा, ट्रिपल सेव्हनला साधं पाणीपण पुरतं, मग कोरडी करून तेल, आणि ब्रीच प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण). रात्रभर तसंच ठेवलं की गंज पकडतो.

सस्केहानाकाठी:
ठीक. ९० माप, क्रश रिब, साफ नळी, एक प्रायमर फोडून, झीरो १०० वर पहिल्या गोळीचा. पहिल्या गोळ्यांचा कागद आजपासून सुरू केलाय, सीझनच्या आधी इथे त्याचा फोटो टाकतो. चकमककाका, फ्लिंटलॉकसाठी कापड कुठल्या दुकानातून घेता ते व्यनिमध्ये कळवा, मायक्रोमीटर आहे माझ्याकडे.